एका लहानशा कॉलेजातली दुपार

खेड्यातून तालुक्याच्या गावी कॉलेजला येणाऱ्या मुलामुलींची दुपार कशी जाते, हे तुम्हांपैकी पुष्कळांना चांगले ठाऊक असेल. तास बाराएकच्या सुमारास संपतात आणि गावाकडची एस. टी. असते चारला. मधले तीन तास म्हणजे स्टँडवरचे बाकडे, चहाची टपरी आणि अलीकडे हातातला मोबाइल. वर्षातून तीन दिवस गॅदरिंग होते. तेव्हा हीच मुले अशी नाटके बसवतात, अशा रांगोळ्या काढतात की आपण बघत राहावे. आणि चौथ्या दिवशी सगळी पुन्हा बाकड्यावर. मी अशाच एका कॉलेजात शिकवतो, म्हणून सांगतो. आमच्याकडे अभ्यास एका खोलीत, करमणूक दुसऱ्या खोलीत आणि हाताचे काम तर घरीच ठेवून यायचे, अशी वाटणी झालेली आहे. या मधल्या भिंती काढून टाकल्या तर काय होईल, याचा एक प्रयोग अमेरिकेतल्या एका लहानशा कॉलेजात चोवीस वर्षे चालला. त्याची हकीकत ऐकण्यासारखी आहे.

अमेरिकेच्या आग्नेय भागात नॉर्थ कॅरोलिना नावाचे राज्य आहे. त्याच्या पश्चिमेकडच्या डोंगराळ मुलखात ॲशव्हिल हे शहर आणि त्याच्याजवळ ब्लॅक माउंटन, म्हणजे ‘काळा डोंगर’, या नावाचे एक लहान गाव. १९३३ साली, ऐन मंदीच्या दिवसांत, जॉन अँड्र्यू राइस नावाच्या प्राध्यापकांनी काही सहकाऱ्यांना घेऊन तिथे कॉलेज काढले. हे राइस ग्रीक-लॅटिनचे पंडित. फ्लॉरिडातल्या एका कॉलेजातून त्यांना काढून टाकण्यात आले होते. जवळ पैसा नाही, जागा भाड्याची, विद्यार्थी जेमतेम वीसबावीस. पुढेही विद्यार्थ्यांची संख्या एका वेळी शंभराच्या फारशी वर कधी गेली नाही. चोवीस वर्षांत मिळून बाराशेच्या घरात विद्यार्थी तिथे शिकून गेले असतील. आपल्याकडे एका मोठ्या कॉलेजात एका वर्षाला याहून अधिक प्रवेश होतात!

कॉलेजची मालकी शिक्षकांचीच होती. वर संचालक मंडळ नाही, आणि कारभार पाहणाऱ्या शिक्षकांच्या मंडळात विद्यार्थ्यांचाही प्रतिनिधी बसे. अमुक विषय घेतलाच पाहिजे अशी सक्ती नव्हती. गुण नोंदले जात, पण ते विद्यार्थ्याला सांगत नसत. दुसऱ्या कॉलेजात जायचे झाले तर उपयोगी पडावेत एवढ्यापुरतेच ते होते. शेवटची परीक्षा घ्यायला बाहेरून परीक्षक बोलावीत, म्हणजे आपल्याच गुरुजींनी आपल्याला पास केले असे होऊ नये. आता तुम्ही म्हणाल, सक्ती नाही आणि मार्क नाहीत, मग मुले करीत काय होती? प्रश्न रास्त आहे. पदवी घेऊन बाहेर पडलेले त्या मानाने थोडेच, हेही सांगून टाकतो.

सकाळी तास होत. दुपारचा वेळ बहुतेक करून अंगमेहनतीसाठी मोकळा ठेवलेला असे. शेतावर जायचे, लाकडे फोडायची, कोळसा वाहायचा, रस्ते दुरुस्त करायचे, पंगतीला वाढायचे. शिक्षकही याच कामांत. १९३७ साली जवळच एका तळ्याकाठची जागा कॉलेजने विकत घेतली आणि १९४० ते ४१ या काळात तिथली मुख्य इमारत विद्यार्थ्यांनी व शिक्षकांनी मिळून, थोड्या जाणत्या कारागिरांच्या मदतीने, स्वतः उभारली. या इमारतीची एक गंमत होती. झोपायला मुले एकत्र, जेवायला सगळे एकत्र. पण अभ्यासाला मात्र प्रत्येक विद्यार्थ्याला स्वतःची वेगळी खोली. खोली इवलीशी, पण एकट्याची. माणसांच्या गर्दीत राहायचे तर एकांतही लागतो, हे त्यांनी ओळखले होते.

शनिवारची संध्याकाळ राखून ठेवलेली असे. आठवडाभर मळक्या कपड्यांत वावरणारी मंडळी त्या दिवशी ठेवणीतले कपडे घालून जेवायला येत, मग गाणेबजावणे किंवा नाटक, आणि त्यानंतर नाच. नाटकाचे पडदे करणारी मुले वेगळी आणि बघणारी वेगळी असे फारसे नसेच. आज ज्याने शेतात खत टाकले तोच रात्री रंगमंचावर उभा.

हे वाचून तुम्हांला साताऱ्याची आठवण झाली असेल. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९४७ साली तिथे छत्रपती शिवाजी कॉलेज काढले आणि ‘कमवा आणि शिका’ या वाटेने कितीतरी गरिबांची मुले पदवीपर्यंत पोहोचली. पण दोन्हींत फरक आहे, आणि तो झाकण्यात अर्थ नाही. साताऱ्याचा विद्यार्थी खोरे उचली तो शिकायला मिळावे म्हणून. त्याच्या घामावर त्याची फी होती. काळ्या डोंगरावरच्या पुष्कळ मुलांचे आईबाप फी भरू शकत होते. तिथे काम होते ते सगळ्यांनी मिळून राहायचे म्हणून. मला विचाराल तर भाऊरावांचे काम अधिक कठीण होते. तरीही त्या दुसऱ्या कॉलेजाकडून एक गोष्ट घेण्यासारखी आहे. ती म्हणजे तिथला चित्रकलेचा तास.

राइस यांनी पहिल्यापासून ठरवले होते की कला हा कॉलेजचा जोडविषय नव्हे, गाभा असेल. सगळ्यांना चित्रकार करायचे म्हणून नव्हे. तर कागदावर रेघ ओढताना ‘ही इथे का?’ याचा निर्णय ज्याचा त्यालाच घ्यावा लागतो, पुस्तकातून उतरवून भागत नाही, म्हणून. या कामासाठी त्यांना माणूस मिळाला जर्मनीतून. तिथे बाउहाउस नावाची कला व हस्तव्यवसायाची नामांकित शाळा होती. नाझी सरकारच्या जाचामुळे ती १९३३ साली बंद पडली. तिथले शिक्षक योसेफ आल्बर्स आणि त्यांच्या पत्नी ॲनी, ज्या वंशाने ज्यू होत्या, त्याच वर्षाच्या अखेरीस या डोंगरात येऊन पोहोचले. आल्बर्स यांना इंग्रजी जवळजवळ येत नव्हते. तुम्ही इथे काय शिकवणार, असे विचारल्यावर, डोळे उघडायला शिकवीन, अशा अर्थाचे काहीतरी ते मोडक्यातोडक्या शब्दांत म्हणाले. आणखी एक गोष्ट शिक्षकबंधूंनी लक्षात ठेवावी: हे गृहस्थ मुळात आपल्या गावाकडे प्राथमिक शाळेतले मास्तर होते.

त्यांच्या तासाला महागडे रंग लागत नसत. झाडाची वाळलेली पाने, अंड्याची टरफले, शेवाळ, तार, पुठ्ठा, कागद. एक कागद घ्या आणि काही चिकटवता, काही वाया न घालवता, नुसत्या घड्या व काप देऊन त्याला उभे करून दाखवा, अशा तऱ्हेचे पाठ असत. आपले नाव उलटे लिहा, आरशात दिसते तसे लिहा. असे लिहायला लागले की सवयीचा हात अडखळतो, आणि मग अक्षराचा आकार आपण जन्मात प्रथमच नीट पाहतो.

रंगाचा तास तर कागदाच्या तुकड्यांवरच चाले. एक प्रयोग तुम्ही घरी करून पाहा. राखी रंगाच्या एकाच कागदाचे दोन चौकोनी तुकडे कापा. एक पांढऱ्या कागदाच्या मध्यावर ठेवा, दुसरा काळ्याच्या. पांढऱ्यावरचा गडद दिसेल, काळ्यावरचा उजळ. शपथेवर सांगावे की हे दोन वेगळे रंग आहेत! लुगड्याचा काठ बदलला की अंगाचा रंग बदलल्यासारखा वाटतो, हे आपल्या विणकरांना पिढ्यान् पिढ्या माहीत आहे. आल्बर्स यांनी ते वर्गात आणले आणि पुढे १९६३ साली त्यावर ग्रंथ लिहिला. मुलांनी त्यातून घ्यायचे ते हे की डोळ्यांना दिसते तेवढ्यावर विसंबू नये, शेजारी काय ठेवले आहे तेही पाहावे.

ॲनीबाई विणकाम शिकवीत. माग नाही, सूत नाही, काहीच नाही असे समजा आणि आता सुरुवात करा, असे त्या मुलांना सांगत. मग गवत, पिळलेला कागद, मक्याचे दाणे, जे हाताशी येईल त्यावर प्रयोग होत. एकदा मेक्सिकोत जुन्या थडग्यांत सापडलेले सोन्याचे दागिने त्यांनी पाहिले. परत आल्यावर त्या आणि ॲलेक्झांडर रीड हा त्यांचा विद्यार्थी दागिने घडवायला बसले ते कशाचे? वॉशर, कागदाला लावायच्या टाचण्या, मोरीच्या तोंडावरची जाळी! लोखंडी सामानाच्या दुकानातला हा ऐवज पुढे न्यूयॉर्कच्या प्रदर्शनात मांडला गेला.

पण शिकवण कशी रुजते हे पाहायचे तर एका विद्यार्थिनीकडे पाहावे. तिचे नाव रूथ असावा. ही शेतकऱ्याची मुलगी. आईबाप जपानी, कॅलिफोर्नियात भाजीपाला पिकवणारे. लहानपणी शेतात घोड्याच्या मैंदावर मागे बसून ती अनवाणी पायांनी मातीत वळणावळणाच्या आकृत्या काढी. १९४२ साली, युद्धाच्या धामधुमीत, जपानी वंशाच्या हजारो कुटुंबांना अमेरिकन सरकारने छावण्यांत कोंडले. असावा कुटुंबाला आधी घोड्यांच्या शर्यतीच्या मैदानावर, घोड्यांच्या ठाणांत राहावे लागले. सुटल्यावर रूथ शिक्षिका होण्यासाठी दुसऱ्या गावी तीन वर्षे शिकली. पण शेवटी पाठ घेण्यासाठी शाळाच मिळेना. कारण एकच, तिचा जपानी चेहरा. अशी शिक्षणाची वाट बंद झालेली ही मुलगी १९४६ च्या उन्हाळ्यात काळ्या डोंगरावर आली आणि १९४९ पर्यंत राहिली.

तिथे ती गोठ्याकडच्या कामात असे, मुलांचे केस कापी, धुलाईखान्यात काम करी. धुलाईखान्यात चादरींवर कॉलेजच्या नावाची आद्याक्षरे उमटवायचा रबरी शिक्का होता: बी. एम. सी. (मुंबईकरांनी गैरसमज करून घेऊ नये.) तिने तोच शिक्का कागदावर शेकडो वेळा उमटवून लाटांसारखी सुंदर चित्रे केली. १९४७ साली मेक्सिकोतल्या तोलुका गावी बाजारात अंडी ठेवायच्या तारेच्या टोपल्या तिने पाहिल्या आणि तिथल्या कारागिरांकडून ती वीण शिकून घेतली. त्या एका विणीतून, साध्या तारेचे फास एकात एक गुंफीत, तिने छताला टांगायची शिल्पे घडवली. आज ती मोठमोठ्या संग्रहालयांत आहेत. मैंदामागे मातीत उमटत होते तेच आकार तारेत आले, असे ती स्वतः मानीत असे.

या कॉलेजचे दोषही होते. माणसे थोडी, ती दिवसरात्र एकत्र. भांडणे झाली की गावकीच्या भांडणासारखी विकोपाला जात. संस्थापक राइस यांनाच १९४० साली जावे लागले. १९४४ साली गट पडून काही शिक्षक निघून गेले. पैशाची ओढाताण कायमची. सुरुवातीला शिक्षकांना राहणे-जेवण आणि वर थोडासाच पैसा मिळे. मात्र १९४४ च्या उन्हाळ्यात, त्या राज्यात काळ्या-गोऱ्यांच्या शाळा कायद्याने वेगळ्या असताना, या कॉलेजने ॲल्मा स्टोन विल्यम्स या कृष्णवर्णी विद्यार्थिनीला प्रवेश दिला. आपल्या शिक्षकांतच यावरून मतभेद असतानाही दिला. १९४८ च्या उन्हाळ्यात बकमिन्स्टर फुलर नावाचे विक्षिप्त शोधक आले. खिडकीच्या पडद्याच्या पातळ पट्ट्या जोडून त्यांनी मुलांकडून मोठा घुमट उभारायला घेतला, आणि तो उभाच राहिला नाही. मुलांनी हसत त्याचे नाव ठेवले ‘उताणा घुमट’. पुढच्या वर्षी दुसऱ्या साहित्याचा लहान घुमट केला, तो उभा राहिला, आणि मंडळी त्याला लोंबकळून फोटो काढती झाली. पहिल्या वर्षी कोणाचेही मार्क कापले गेले नव्हते. १९५७ साली कॉलेज बंद झाले ते मुख्यतः पैशाअभावी. तळ्याकाठी पुढे मुलांची उन्हाळी शिबिरे भरू लागली.

रूथ असावा मात्र शिक्षणाचा ध्यास सोडायला तयार नव्हती. सॅन फ्रान्सिस्कोत सहा मुलांचा संसार सांभाळून तिने १९६८ साली काही पालकांबरोबर अल्व्हाराडो या सरकारी प्राथमिक शाळेत कलेचे वर्ग सुरू केले. साहित्य काय, तर दुधाची रिकामी खोकी, अंड्यांचे पुठ्ठे, लोकरीचे तुकडे. त्याच शहरातल्या कलाशिक्षणाच्या सरकारी हायस्कूलला २०१० साली तिचे नाव देण्यात आले. २०१३ साली ती वारली. भर बाजारपेठेत तिने केलेले एक मोठे कारंजे आहे. त्यावरची घरे, माणसे, मोटारी शाळकरी मुलांनी आणि शेजाऱ्यापाजाऱ्यांनी कणकेसारख्या गोळ्यातून घडवल्या आणि मग त्यांचा ब्राँझमध्ये ओतीव ठसा घेतला.

तो गोळा आपल्या शाळेतही करता येतो, म्हणून कृती सांगून ठेवतो. मैदा चार वाट्या, बारीक मीठ एक वाटी, पाणी दीड वाटी. मीठ पाण्यात विरघळवून घ्यावे, मग मैदा घालून हाताला चिकटेनासा होईपर्यंत मळावे. चित्रे फार जाड करू नयेत, नाहीतर तडकतात. भट्टीत मंद आचेवर भाजली की कडक होतात. भट्टी नसेल तर उन्हात चारसहा दिवस उलटसुलट करून वाळवावीत. पावसाळ्यात मात्र हा उद्योग काढू नये. मिठाला पाणी सुटते.