इशारे किती हवेत?

फेब्रुवारी २०१४मध्ये ॲपलला आयफोनसाठी घाईघाईने एक दुरुस्ती पाठवावी लागली. सुरक्षित जोडणी करताना समोरच्या सर्व्हरची सही तपासणाऱ्या सी भाषेतल्या कोडमध्ये ‘गोटू फेल’ ही ओळ चुकून दोनदा पडली होती. पहिली ओळ अटीला बांधलेली होती, दुसरी मोकाट. त्यामुळे पुढची महत्त्वाची तपासणी कधी होतच नव्हती. त्या ओळीखालचा कोड कधीच चालणार नाही, हे क्लँग कंपायलरला ओळखता येत होतं. पण तो इशारा वेगळा मागावा लागे. बहुतेक प्रोग्रॅमर वापरतात त्या ‘डब्ल्यू-ऑल’मध्ये तो नव्हता.

नावात ‘ऑल’ असूनही हा पर्याय सगळे इशारे देत नाही. जीसीसी या कंपायलरमध्ये त्याच्यापुढे ‘एक्स्ट्रा’ आहे, शिवाय ‘पेडँटिक’ आहे, आणि त्यानंतरही कितीतरी इशारे एकेक करून सुरू करावे लागतात. मायक्रोसॉफ्टच्या कंपायलरला मात्र शून्य ते चार अशा पातळ्या आहेत, आणि तिथे ‘ऑल’ म्हणजे खरोखरच सगळे. एकच प्रकल्प विंडोज आणि लिनक्स दोन्हींवर बांधणाऱ्याने हे सारं लक्षात ठेवायचं तरी कसं?

फिनलंडच्या युसी पाक्कानेन यांनी सुरू केलेल्या ‘मेसन’ या बिल्ड सिस्टिमने हा ताप स्वतःकडे घेतला. तिथे फक्त इशाऱ्यांची पातळी सांगायची: ०, १, २ किंवा ३. जीसीसीसाठी १ म्हणजे ‘ऑल’, २ म्हणजे त्यात ‘एक्स्ट्रा’ची भर, ३ म्हणजे ‘पेडँटिक’सुद्धा. मायक्रोसॉफ्टसाठी मेसन याच आकड्यांची त्याच्या पातळ्यांशी सांगड घालतं. काहीच सांगितलं नाही तर १. हा शेवटचा निर्णय मला सर्वांत शहाणपणाचा वाटतो, कारण पर्यायांची यादी उघडून बघणारे थोडेच असतात. नुसत्या जीसीसीला काही सांगितलं नाही, तर ‘ऑल’ही सुरू होत नाही.

तिसऱ्या पायरीबद्दल मात्र माझी तक्रार आहे. आकडा वाढला की सावधगिरी वाढली, असं कोणीही समजेल. पण ‘पेडँटिक’ धोका शोधत नाही. कोड भाषेच्या प्रमाणित नियमांत बसतो का, एवढंच बघतो. जीसीसीच्या खास सोयी जाणूनबुजून वापरणाऱ्याला ती पायरी नुसता गोंगाट वाटते. रात्रभर भुंकणाऱ्या कुत्र्यामुळे चोर आला तरी कोणी उठत नाही, तसं मग होतं. सगळे इशारे हवे असणाऱ्यांसाठी मेसनने पुढे ‘एव्हरीथिंग’ आणलं. त्याला चौथा आकडा दिला नाही, हे बरं केलं. क्लँगच्या अशा ‘सगळ्या’ इशाऱ्यांत, हा कोड सी++च्या १९९८च्या आवृत्तीत चालणार नाही, अशीही कुरकुर असते. चढत जायची पायरी ती नव्हेच.

इशाऱ्याला चूक मानून बांधणी थांबवायची का, हा प्रश्न मेसनने पातळीपासून वेगळा ठेवला आहे. सप्टेंबर २०२१मध्ये लिनस टोरवाल्ड्स यांनी लिनक्स कर्नलमध्ये ही सक्ती सर्वांसाठी सुरू केली. ठिकठिकाणी बांधण्या मोडल्या, आणि थोड्याच दिवसांत ती मुख्यतः चाचणीसाठीच्या बांधण्यांपुरती राहिली. आपल्या चाचणी सर्व्हरवर ती हवीच. दुसऱ्याच्या हाती द्यायच्या कोडमध्ये मात्र नको. त्याच्याकडे उद्या नवा कंपायलर येईल आणि त्याला नवे इशारे सुचलेले असतील.