लेहची वाट : केव्हां आणि कोणत्या बाजूनें?

मोटारीनें लेहला जाण्याचा बेत निघाला, म्हणजे घरांत पहिली चर्चा होते ती मोटार कोणती घ्यावी याची. वास्तविक आधीं ठरवावयाच्या गोष्टी दोन : वाट कोणती, आणि महिना कोणता.

वाटा मुख्यतः दोन आहेत. एक श्रीनगराहून झोजी ला व कारगिल यांवरून जाते; दुसरी मनालीहून. लांबी दोहोंचीही सव्वाचारशें किलोमीटरांच्या आसपास आहे. भेद आहे तो चढणीचा. श्रीनगरच्या वाटेवरील सर्वांत उंच खिंड फोटू ला ही सुमारें १३,५०० फुटांवर असून रात्रीचा मुक्काम कारगिलला, ८,८०० फुटांवर, होतो. मनालीच्या वाटेवर बारालाचा ला १६,००० फूट, तर तंगलंग ला १७,५०० फूट उंच आहे. आणि पुष्कळ प्रवासी जेथें रात्र काढतात तें सरचू १४,००० फुटांवर, म्हणजे खुद्द लेहहूनही अडीच हजार फूट वर आहे. २०२० सालीं अटल बोगदा खुला झाल्यापासून रोहतांगचा चढ टळला खरा. परंतु पुढील खिंडी टळलेल्या नाहींत.

विरळ हवेची संवय होण्यास शरीराला कांहीं दिवस लागतात. म्हणून जातांना श्रीनगरची वाट धरावी, लेहला चार-पांच दिवस राहावें आणि मनालीमार्गें परतावें. तोंवर शरीर बरेंच सरावलेलें असतें.

आतां महिन्याविषयीं. मनालीची वाट साधारणतः मे-जूनमध्यें मोकळी होते. त्या वेळीं दुतर्फा बर्फाच्या भिंती दिसतात. पण उन्हानें वितळलेलें पाणी दुपारीं नाल्यांतून रस्त्यावर लोटतें. म्हणून नाले सकाळींच ओलांडावे. जुलै-ऑगस्टांत हिमालयानें ढग अडविल्यामुळें लडाखांत पाऊस थोडा. उलट मनालीच्या बाजूस दरडी कोसळतात. सप्टेंबरच्या मध्यास पाऊस ओसरूं लागतो, नाले उतरतात आणि हिवाळ्याचें बर्फ बहुधा दूर असतें. तोच काळ सर्वांत सोयीचा.

तरीही परतीच्या तारखेत दोन दिवस मोकळे ठेवावे. कारण डोकें दुखूं लागलें, ओकारी येऊं लागली, तर वर चढणें तत्काळ थांबवावें. आराम न पडल्यास खालीं उतरावें. तारखेच्या घाईनें अशा वेळीं पुढें गेलेला मनुष्य जीव धोक्यांत घालतो. खिंड काय, पुढल्या वर्षींही तेथेंच असते.