नकाशावर नसलेली स्वीट व्हॅली
कॅलिफोर्नियातली स्वीट व्हॅली नकाशावर कुठेच नाही. पण १९८३ साली ‘डबल लव्ह’ हे पुस्तक आलं आणि पाहता पाहता हे गाव शाळकरी मुलींना तोंडपाठ झालं. नायिका एलिझाबेथ आणि जेसिका वेकफिल्ड, सोनेरी केसांच्या जुळ्या बहिणी. थोरली सालस, शाळेच्या वृत्तपत्रात लिहिणारी. धाकटी चिअरलीडर आणि पक्की कारस्थानी.

वडील वकील, आई गृहसजावटकार, म्हणजे वेकफिल्ड मंडळी खाऊनपिऊन सुखी. खरा पैसा इतरांकडे. ब्रूस पॅटमनचं घराणं पिढीजात श्रीमंत. लायला फाउलरच्या बापाने संगणकाच्या चिपवर नव्याने कमावलेलं. ब्रूस काळी पोर्शे उडवतो आणि नंबरप्लेटवर स्वतःचंच नाव मिरवतो. या दोन घरांमधली कुरघोडी मला तरी जुळ्यांच्या प्रेमप्रकरणांपेक्षा रंगतदार वाटते.

या गावाची निर्माती फ्रान्सिन पास्कल न्यूयॉर्कची. नवऱ्याबरोबर तिने टीव्हीच्या कौटुंबिक मालिकेसाठी लेखन केलं होतं, आणि त्या धंद्यातली युक्ती तिने इथे वापरली. एक भांडण मिटतं न मिटतं तोच पुढच्या पुस्तकातल्या भांडणाची चाहूल लागते. नवल याहून पुढचं आहे. पास्कलबाई कथानकाचा आराखडा आखून देत, पात्रांचे स्वभाव आणि नातीगोती आधीच टिपून ठेवलेली असत, आणि प्रत्यक्ष पुस्तकं लिहीत पडद्याआडचे लेखक. मुखपृष्ठावर नाव केट विल्यम. या नावाची बाई अस्तित्वातच नव्हती! म्हणून तर महिन्याला एक पुस्तक निघू शकलं. शंभर पुस्तकं झाली तरी जुळ्या सोळाच्याच.

१९८५ साली याच पुस्तकांपैकी ‘परफेक्ट समर’ न्यूयॉर्क टाइम्सच्या पेपरबॅक खपाच्या यादीत पोचलं. किशोरवयीनांच्या कादंबरीला तो मान पहिल्यांदाच मिळाला. स्वीट व्हॅलीच्या २००८ च्या नव्या आवृत्तीत मात्र जुळ्यांच्या कपड्यांचं माप सहावरून चारवर आणलं, तेव्हा ही पुस्तकं वाचून मोठ्या झालेल्या बायका खवळल्या. रास्तच होतं ते. आधीच्या मापातही कुणी जाड नव्हतं.

स्वीट व्हॅलीमागची निर्मितीसंस्था नावं आणि मालक बदलत ‘अ‍ॅलॉय’ झाली. तिनेच २००२ साली सेसिली फॉन झीगेसरची ‘गॉसिप गर्ल’ ही कादंबरी आणली. स्थळ न्यूयॉर्कचं अप्पर ईस्ट साइड. तिथल्या खासगी कन्याशाळेत लेखिका स्वतः शिकलेली. स्वीट व्हॅलीत लायला नायिकेची श्रीमंत मैत्रीण होती. ‘गॉसिप गर्ल’मधल्या ब्लेअर आणि सेरेना तिच्याहून गर्भश्रीमंत, आणि कथा त्यांचीच.