कष्टी की कष्टाळू?

नाम आणि विशेषण तुम्हाला माहीतच आहे. नामाला शेपूट जोडले की विशेषण होते. गुरुजी त्या शेपटाला प्रत्यय म्हणतात. दगड हे नाम, दगडी हे विशेषण. दगडी भिंत म्हणजे दगडाची भिंत. मला वाटलं, हे तर फार सोपं आहे! पण माझी कशी फजिती झाली ते ऐका.

चाचणीत 'माझी आई' हा निबंध आला होता. माझी आई पहाटे उठून भाकरी थापते आणि लोकांच्या रानात भांगलायला जाते. ती खूप कष्ट करते. म्हणून मी लिहिले, 'माझी आई फार कष्टी आहे.' मधल्या सुट्टीत गुरुजींनी मला एकट्याला बोलावले. हळूच म्हणाले, "घरी काही झालंय का रे? आई रडते का?" मी म्हटलं, "नाही गुरुजी, ती भांगलायला जाते." तेव्हा गुरुजींना हसू आले. कष्टी म्हणजे दुःखी. कष्ट करणारी ती कष्टाळू. कष्ट म्हणजे मेहनत आणि कष्ट म्हणजे त्रासही. कष्टाळूमध्ये मेहनत आली, कष्टीमध्ये त्रास आला. नाम एकच, पण शेपूट बदलले की अर्थ बदलतो.

तेव्हापासून मी असले शब्द शोधतो. दुधाळ म्हैस म्हणजे पुष्कळ दूध देणारी म्हैस. तोंड सगळ्यांनाच असते, पण कुणाला तोंडाळ म्हणून बघा! मी ताईला म्हटलं, तर पाठीत धपाटा बसला. डोळसची तर गंमतच आहे. डोळस म्हणजे ज्याला दिसते तो, आणि जो विचार करून वागतो तोही डोळस. मग ज्याला दिसत नाही असा माणूससुद्धा डोळस असू शकतो.

सगळ्यात मजा पाण्याची. ताकात पाणी जास्त झाले की ते पाणचट होते आणि कुणी पीत नाही. पण पाणीदार डोळे म्हणजे पाणी आलेले डोळे नव्हेत. ते तेजस्वी डोळे. कारण पाणी म्हणजे तेज असाही अर्थ आहे. मोत्याचे पाणी म्हणतात ना, ते हेच.

निबंधाची वही मी घरी नेली. आईला वाचता येत नाही, म्हणून मीच वाचून दाखवली आणि माझी चूक सांगितली. आई जरा गप्प बसली. मग म्हणाली, "गेल्या साली तुझी आजी गेली, तवा मी कष्टीच होते की रं."

मी तो शब्द खोडला नाही. त्याच्यापुढे 'आणि कष्टाळू' एवढे लिहिले.