विंचूदंश आणि हृदयाचा स्नायू : ग्रामीण संशोधनाची फलश्रुती

सह्याद्रीच्या पायथ्याशी वसलेले शहापूर व मुरबाड हे ठाणे जिल्ह्यातील डोंगराळ तालुके होत. भाताचा पेंढा, लाकूडफाटा, रचलेले दगड, कुडाच्या भिंती आणि अनवाणी वावर यांमुळे तेथील पाड्यांवर विंचूदंश ही नवलाची बाब नाही. मात्र कोकणपट्टीतील लाल विंचवाचा दंश केवळ वेदनादायक नसतो. लहान मुलांच्या बाबतीत तर तो प्राणघातकही ठरू शकतो. या दंशावरील गुणकारी उपचाराचा शोध मोठ्या शहरातील प्रयोगशाळेत नव्हे, तर कोकणातील एका ग्रामीण डॉक्टरच्या रुग्णसेवेतून लागला, ही गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे.

बिरवाडीतील प्रारंभ

डॉ. हिंमतराव बावस्कर यांचा जन्म आजच्या जालना जिल्ह्यातील देहेड या खेड्यात 1951 साली झाला. नागपूर येथे वैद्यकीय पदवी संपादन केल्यावर 1976 साली ते महाड तालुक्यातील बिरवाडी प्राथमिक आरोग्य केंद्रात रुजू झाले. विंचूदंशाचे धडधाकट रुग्ण काही तासांत दगावत असल्याचे त्यांनी तेथे पाहिले. रुग्णाच्या उशाशी बसून नाडी, रक्तदाब, घाम व श्वास यांच्या नोंदी ठेवण्याचा परिपाठ त्यांनी सुरू केला. ‘द लॅन्सेट’ या ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकात 1978 व 1982 साली त्यांची निरीक्षणे प्रसिद्ध झाली.

विषाचा मार्ग

मज्जातंतूंच्या आवरणात सोडियमच्या कणांना ये-जा करण्यासाठी अतिसूक्ष्म मार्गिका असतात. लाल विंचवाच्या विषातील प्रथिने या मार्गिका वेळेवर मिटू देत नाहीत. परिणामी मज्जातंतू सतत उत्तेजित राहतात आणि शरीरात ॲड्रेनॅलीनसारख्या द्रव्यांचा जणू पूर येतो. रक्तवाहिन्यांच्या भिंतींतील स्नायू आवळले जातात, रक्तदाब वाढतो, हातपाय गार पडतात. अरुंद झालेल्या वाहिन्यांत रक्त ढकलता ढकलता हृदयाचा स्नायू थकतो आणि फुप्फुसांत पाणी साचू लागते. तोंडाला गुलाबी फेस येणे हे या अवस्थेचे लक्षण होय.

याच विंचवाच्या विषातून 1990 साली आयबेरिओटॉक्सिन हे 37 अमिनो आम्लांचे प्रथिन वेगळे करण्यात आले. ते पेशींतील एका विशिष्ट प्रकारच्या पोटॅशियम मार्गिका बंद करते. स्नायूंच्या कार्याचा रेणूंच्या पातळीवर अभ्यास करण्यासाठी ते उपयुक्त साधन ठरले आहे. जे विष खेड्यात जीव घेते, तेच प्रयोगशाळेत ज्ञानाचे द्वार उघडते.

प्राझोसिनचा उपयोग

रक्तवाहिन्या आवळल्या जाणे हेच संकटाचे मूळ असेल, तर त्या सैल करणारे औषध द्यावयास हवे, असा विचार डॉ. बावस्करांनी केला. प्राझोसिन हे रक्तदाबावरील तोंडाने घ्यावयाचे साधे औषध. ॲड्रेनॅलीनसारखी द्रव्ये वाहिन्यांच्या स्नायूंवरील ज्या ग्राहकांवर काम करतात, ते ग्राहकच हे औषध अडवून धरते. या उपचाराचे निष्कर्ष 1986 साली प्रसिद्ध झाले. पूर्वी गंभीर रुग्णांपैकी सुमारे 30 ते 40 टक्के दगावत असत. हे प्रमाण पुढे सुमारे 1 टक्क्यावर आले.

पुढे विंचूप्रतिविषाचीही चाचणी घेण्यात आली. डॉ. बावस्कर व त्यांच्या पत्नी डॉ. प्रमोदिनी यांनी 70 रुग्णांवर केलेला हा अभ्यास 2011 साली प्रसिद्ध झाला. केवळ प्राझोसिन दिलेले रुग्ण बरे होण्यास सरासरी 17.7 तास लागले. प्रतिविषाची जोड दिल्यावर हा काळ 8 तासांवर आला. 2022 साली डॉ. बावस्करांना पद्मश्री जाहीर झाली.

गावाचे कर्तव्य

औषध स्वस्त असले तरी ते वेळेत मिळणे महत्त्वाचे. पाड्यावरील मूल मांत्रिकाकडे बसवून ठेवले, तर मोलाचे तास वाया जातात. वेदना कमी म्हणून धोका नाही, हा समजही चुकीचा आहे; विष अंगात भिनलेल्या रुग्णाला दंशाच्या जागी कित्येकदा फारशी वेदना नसते. उलटी, दरदरून घाम आणि गार पडलेले हातपाय ही खरी धोक्याची चिन्हे होत. अशा रुग्णास 108 क्रमांकाची रुग्णवाहिका बोलावून विनाविलंब शासकीय रुग्णालयात न्यावे. प्राझोसिनची मात्रा डॉक्टरांनीच ठरवावी. ती दिल्यावर रुग्णास उठवू-बसवू नये, कारण उभे राहिल्यास रक्तदाब एकाएकी उतरतो.

आरोग्य केंद्रात हे औषध शिल्लक आहे किंवा नाही, याची चौकशी पावसाळ्यापूर्वी ग्रामपंचायतीने करावी. शिक्षकांनी ही चिन्हे शाळेत व आश्रमशाळेत मुलांना समजावून सांगावीत. बिरवाडीच्या लहानशा आरोग्य केंद्रात सुरू झालेल्या या संशोधनाचे फळ शहापूर-मुरबाडच्या शेवटच्या पाड्यापर्यंत पोहोचविणे हे आता गावाच्याच हाती आहे.