घरून चिकित्सालयाचा संगणक : सोय आणि दक्षता

चिकित्सालय परभणीत, घर गंगाखेडला. रात्री रुग्णाचा दूरध्वनी आला तर जुने रुग्णपत्रक पाहावयाचे कसे? विंडोजच्या ‘रिमोट डेस्कटॉप’ने तेथील संगणक घरून चालविता येतो. औषधालयाच्या साठ्यासही हेच लागू. मात्र त्या संगणकावर विंडोजची ‘प्रो’ आवृत्ती हवी. ‘होम’मध्ये ही सोय नाही. वीज गेल्यास संगणक व राउटर चालू राहावेत म्हणून इन्व्हर्टर ठेवावा.

या सुविधेचे ३३८९ क्रमांकाचे द्वार इंटरनेटवर थेट उघडे ठेवू नये, असे आम्ही आग्रहाने सुचवितो. २०१९ मध्ये त्यातील ‘ब्लूकीप’ हा दोष उघड झाला, तेव्हा जुन्या एक्सपीसाठीही दुरुस्ती काढावी लागली. प्रथम व्हीपीएन जोडावे, मगच संगणक उघडावा. रुग्णाने विश्वासाने सांगितलेले वृत्त जपणे हाही वैद्यधर्मच होय.