अंगणातला टीव्ही : एकवीस तासांचा हिशेब

ओसरीत, पडवीत किंवा गच्चीवर टीव्ही लावायचा विषय घरात निघाला की सगळी चर्चा एकाच प्रश्नाशी येऊन थांबते : बाहेरच्या उजेडात चित्र दिसेल का? प्रश्न चुकीचा नाही, पण त्याला नको इतका मान मिळतो. आपल्याकडे बाहेर बसून टीव्ही पाहायची हौस प्रामुख्याने संध्याकाळची असते. आयपीएलचा रात्रीचा सामना साडेसातला सुरू होतो, आणि एप्रिल-मे महिन्यांत मुंबई-पुण्यात सूर्य त्याआधीच मावळलेला असतो. म्हणजे टीव्ही चालणार दोन-तीन तास, तेही अंधार पडल्यावर. उरलेले एकवीस तास तो भिंतीवर नुसता टांगलेला असतो. दुपारच्या उन्हात, पहाटेच्या दवात, आषाढातल्या झडीत. बाहेरच्या टीव्हीबद्दलचे बहुतेक गैरसमज या एकवीस तासांकडे पाठ फिरवल्यामुळे झालेले आहेत. माझं म्हणणं थोडक्यात असं : महाराष्ट्रातल्या बहुतेक घरांनी साधा टीव्ही पाहण्यापुरता बाहेर आणावा आणि पाहून झाला की आत न्यावा. ही काही नवी युक्ती नव्हे. १९८७ साली रामायण मालिका सुरू झाल्यावर रविवारी सकाळी कितीतरी घरांतला सेट शेजाऱ्यापाजाऱ्यांसाठी ओट्यावर किंवा खिडकीत येऊन बसायचा. मालिका संपली की तो आत जायचा.

सर्वांत पक्का गैरसमज छपराबद्दलचा आहे. ‘वर पत्रा आहे, पावसाचा थेंब लागत नाही, मग काय होणार?’ टीव्हीला थेंबापेक्षा हवेतल्या ओलाव्याचं भय जास्त असतं. साध्या टीव्हीच्या माहितीपुस्तिकेत चालवण्याच्या हवामानाची मर्यादा दिलेली असते. साधारणपणे ती चाळीस अंश सेल्सियसपर्यंत तापमान आणि ऐंशी टक्क्यांच्या आसपास आर्द्रता अशी असते, आणि सोबत अट असते ती बाष्पाचं पाणी न होण्याची. कोकणात जून ते सप्टेंबर आर्द्रता ऐंशी टक्क्यांच्या वर जाणं ही रोजची गोष्ट आहे. किनाऱ्यालगत त्यात मिठाची भर पडते. समुद्रावरून येणाऱ्या वाऱ्याबरोबर क्षाराचे अतिसूक्ष्म कण येतात आणि टीव्हीच्या मागच्या जाळीतून आत जाऊन सर्किट बोर्डावर बसतात. मीठ कोरडं असेपर्यंत फारसं बिघडत नाही. पण हवेची आर्द्रता साधारण पंचाहत्तर टक्के ओलांडली की मीठ हवेतलं पाणी ओढून स्वतःच विरघळू लागतं. पावसाळ्यात स्वयंपाकघरातल्या मिठाला पाणी सुटतं, ते याच कारणाने. बोर्डावर तेच घडलं की तांब्याच्या बारीक रेषांवर खाऱ्या पाण्याचा थर तयार होतो. त्यातून वीज गळते आणि तांबं गंजतं. छपरातून एकही थेंब गळलेला नसतो, आणि दुरुस्तीला आलेला माणूस मात्र ‘पाणी गेलंय’ म्हणतो. त्याचं म्हणणं खरंच असतं. पाणी हवेतून आलेलं असतं, इतकंच.

मग यावर दोन घरगुती उपाय केले जातात. पहिला म्हणजे प्लास्टिकचं आवरण. पावसाच्या शिंतोड्यांपासून आणि धुळीपासून ते वाचवतं, यात शंका नाही. पण आवरण घालताना आत जी दमट हवा अडकते तिला बाहेर पडायला वाट राहत नाही. दुपारी आवरणाच्या आतली हवा तापते, पहाटे सेट गार पडतो आणि त्याच हवेतलं पाणी धातूच्या भागांवर जमतं. आवरण घालायचंच तर खालून उघडं, हवा खेळेल असं हवं. दुसरा उपाय म्हणजे सेट बंद न करता स्टँडबायवर ठेवणं, म्हणजे तो ‘गरम राहतो’ म्हणे. हल्लीचे टीव्ही स्टँडबायमध्ये जेमतेम अर्धा वॉट वीज घेतात. तेवढ्याने मोठ्या पडद्याच्या सेटमधली ओल हटत नाही. उलट सर्किटच्या एका भागात वीज चालू राहते, आणि ओल्या बोर्डावर वीज असली की गंज वेगाने चढतो.

‘मग आयपी पंचावन्नवाला टीव्ही घ्या, प्रश्न मिटला,’ असं दुकानात सांगतात. आयपी ही आंतरराष्ट्रीय मानकातली खूण आहे आणि भारतानेही ते मानक स्वीकारलेलं आहे. तिच्यातला पहिला आकडा धूळ-कचऱ्यापासूनच्या बचावाचा, दुसरा पाण्यापासूनच्या बचावाचा. दोन्ही ठिकाणी पाच म्हणजे घातक ठरेल इतकी धूळ आत जात नाही आणि नळीतून चहूबाजूंनी पाण्याची धार मारली तरी बिघाड होत नाही. ही खूण खोटी नाही. पण ती काय सांगत नाही हेही पाहावं लागतं. चाचणीतलं पाणी गोडं असतं आणि चाचणी काही मिनिटांत उरकते. खाऱ्या वाऱ्यात चार पावसाळे काढल्यावर रबराच्या कडा कशा राहतील, उन्हाने प्लास्टिक किती ठिसूळ होईल, आत दव धरेल का, यांबद्दल आयपीचा आकडा बोलत नाही. मिठाच्या फवाऱ्याची चाचणी निराळी असते आणि ती केली आहे का हे निराळं विचारावं लागतं. शिवाय ‘बाहेरचा’ म्हणजे कुठेही लावता येणारा, असंही नाही. सॅमसंगने २०२० मध्ये अमेरिकेत ‘द टेरेस’ हा खास बाहेरचा टीव्ही आणला. आयपी ५५, पडदा भरपूर प्रखर आणि पंचावन्न इंचांची किंमत साडेतीन हजार डॉलरच्या घरात. तरीही तो अर्धवट सावलीतल्या जागेसाठी होता, भर उन्हासाठी नव्हे. एवढ्या पैशात चांगले साधे टीव्ही किती येतील, याचा हिशेब ज्याने त्याने करावा.

आता त्या उजेडाच्या प्रश्नाकडे येऊ, कारण सुट्टीच्या दिवशी साडेतीनच्या सामन्याला तो खरोखर उभा राहतो. इथला गैरसमज असा की पडदा जितका प्रखर तितकं चित्र स्पष्ट. डोळ्याला चित्र दिसतं ते उजळ आणि काळ्या भागांतल्या फरकामुळे, आणि बाहेरचा उजेड आधी काळ्या भागावर घाला घालतो. साधा आकडेमोडीचा मामला आहे. घरातल्या दिवाणखान्यात दोनशे लक्सच्या आसपास प्रकाश असतो, तर भर दुपारी उघड्या पडवीत सावलीतही पाच हजार लक्स सहज मिळतात. पडदा त्यावर पडलेल्या उजेडाचे शंभरातले दोन भाग परत फेकतो असं धरलं, तर दिवाणखान्यात काळा भाग एक-सव्वा निट (पडद्याच्या उजळपणाचं एकक) इतका उजळतो, पडवीत बत्तीस निट. पडद्याचा स्वतःचा प्रकाश तीनशे निट असेल, तर आतमध्ये पांढरा भाग काळ्याच्या सव्वादोनशे पट उजळ दिसतो आणि बाहेर फक्त दहा पट. म्हणूनच काळोखातला प्रसंग बाहेर राखाडी ढगासारखा दिसतो. आता दुप्पट प्रखर टीव्ही आणला तर दहाचे वीस होतात. त्याऐवजी बांबूची चिक सोडून उजेड हजार लक्सवर आणला, तर त्याच जुन्या टीव्हीवर हा फरक अठ्ठेचाळीस पटींवर जातो. चिक शे-पाचशे निटांहून पुष्कळ स्वस्त पडते. प्रोजेक्टरचा मोह होत असेल त्यांच्यासाठी एवढंच, की त्याचा काळा रंग म्हणजे पडद्याच्या कापडाचाच रंग. दिवसाउजेडी त्याचा विचार करू नये.

दिशेबद्दलचा एक सल्ला परदेशातून उचलून आपल्याकडे तसाच चिकटवला जातो : पडद्याचं तोंड उत्तरेला ठेवा, तिकडे ऊन येत नाही. न्यूयॉर्कमध्ये किंवा लंडनमध्ये माथ्यावरचा सूर्य वर्षभर दक्षिणेकडे कललेला असतो, त्यामुळे तिथे हा सल्ला बराचसा चालतो. आपण कर्कवृत्ताच्या दक्षिणेला आहोत. मुंबईत मेच्या मध्यापासून जुलैच्या अखेरपर्यंत दुपारचा सूर्य चक्क उत्तरेकडे असतो; त्या काळाच्या दोन टोकांना शून्य सावलीचे दिवस येतात. शिवाय २१ मार्च ते २३ सप्टेंबर या काळात सूर्य पूर्वेच्या उत्तरेला उगवतो आणि पश्चिमेच्या उत्तरेला मावळतो, तेव्हा उन्हाळ्यात उत्तराभिमुख पडद्यावर सकाळ-संध्याकाळ तिरपं ऊन येणारच. संध्याकाळी पाहणाऱ्यांना पूर्वेकडे तोंड असलेली भिंत सर्वांत सोयीची, कारण दुपार कलली की घराचीच सावली तिच्यावर येते. पश्चिमेकडे तोंड केलेला पडदा मात्र दिवसातला सर्वांत तापट वेळ झेलतो.

आणि ताप हा विदर्भ-मराठवाड्याचा खरा प्रश्न आहे. ‘आमच्याकडे हवा कोरडी, त्यामुळे बाहेर काही होत नाही,’ हे कोकणाच्या तुलनेत अर्धं खरं आहे. पण नागपुरात मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या आसपास जातो, म्हणजे सावलीतली हवाच पुस्तिकेतली मर्यादा ओलांडते. काळ्या पडद्यावर थेट ऊन पडलं तर त्याचं तापमान हवेहून कितीतरी वर चढतं. एलसीडीतला द्रव स्फटिक एका ठरावीक तापमानापलीकडे स्फटिकपण सोडतो आणि पडद्यावर काळे डाग उमटतात. साध्या टीव्हीत हे सत्तर-ऐंशी अंशांच्या सुमारास घडतं. उन्हातल्या जाहिरातफलकांच्या पडद्यांत मुद्दाम शंभराच्या वर तग धरणारा द्रव वापरतात. डाग गार झाल्यावर जातातही, पण पॉवर सप्लायमधल्या कपॅसिटरचं तसं नसतं. ढोबळ नियम असा की तापमान दहा अंशांनी वाढलं की त्यांचं आयुष्य निम्मं होतं. ओएलईडी पडद्यातले सेंद्रिय थर तर उष्णतेला आणि उन्हाला आणखी नाजूक.

विजेबाबतच्या गैरसमजात मात्र टीव्हीपेक्षा माणसाचा जीव गुंतलेला आहे. ‘एमसीबी आहे, शॉक बसायच्या आत पडेल’ हे वाक्य फार ऐकू येतं. सहा अँपियरचा एमसीबी सहा अँपियरहून जास्त प्रवाह वाहिल्यावर पडतो. माणसाच्या शरीरातून त्याच्या दोनशेव्या भागाएवढा, म्हणजे तीस मिलिअँपियर प्रवाह गेला तरी जिवावर बेतू शकतं. तो ओळखून क्षणार्धात वीज तोडणारं उपकरण म्हणजे तीस मिलिअँपियरचा आरसीसीबी. बाहेरच्या सॉकेटला तो हवाच. टीव्हीच्या सेटला बहुधा दुहेरी विद्युतरोधन असतं, म्हणून त्याचा प्लग दोन पिनांचा असतो. खरा धोका ओल्या फरशीवर लोळणाऱ्या एक्स्टेंशन बोर्डाचा. विजांच्या बाबतीत स्पाइक गार्डवर विसंबणंही तसंच. जवळपास वीज पडली तर झटका विजेच्या तारेतून येतो, तसाच छपरावरच्या डिशच्या केबलमधूनही येतो, आणि तिथे कुणी गार्ड लावलेला नसतो. भिंतीवरचा स्विच बंद करणं पुरत नाही. प्लग आणि केबल दोन्ही उपसावी लागतात. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेचं ‘दामिनी’ ॲप विजांची सूचना देतं, पण मध्यरात्री उठून गच्चीवरच्या टीव्हीची केबल कोण काढणार? आत नेलेल्या टीव्हीच्या केबली आपोआप निघालेल्या असतात.

यावर पहिला आक्षेप ठरलेला : ‘अमक्याचा साधा टीव्ही पाच वर्षं पडवीत आहे, काही झालं नाही.’ असे टीव्ही असतात, कोरड्या भागात आणि खोल पडवीत तर नक्कीच. पण जे दुसऱ्याच पावसाळ्यात गेले त्यांची गोष्ट कुणी कौतुकाने सांगत नाही. सेटच्या उबेला मुंग्या आणि पाली मागच्या जाळीतून आत जातात, हेही कुठल्या जाहिरातीत नसतं. पाणी, कीटक आणि वीज यांमुळे झालेलं नुकसान वॉरंटीच्या पत्रकात बहुधा वगळलेलं असतं. दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे : रोज उचलाठेव करताना टीव्ही पडला तर? यावर उत्तर चाकांच्या स्टँडचं. आजचा त्रेचाळीस इंची टीव्ही आठ-दहा किलोंचा असतो. रुंद पायाच्या, ब्रेक असलेल्या स्टँडवर तो पक्का बसतो आणि उंबरठा नसलेल्या दारातून एकटा माणूस बाहेर ढकलू शकतो. उंबरठा असेल तर दोघं लागतात किंवा लाकडी उतार करावा लागतो, ही अडचण मान्य. आणखी एक खबरदारी : एसीच्या खोलीतून आणलेला टीव्ही लगेच चालू करू नये. पावसाळ्यात बाहेर एकोणतीस अंश आणि पंच्याऐंशी टक्के आर्द्रता असेल, तर सव्वीस अंशांहून गार असलेल्या प्रत्येक वस्तूवर पाणी धरतं. चोवीस अंशांच्या खोलीतला सेट त्यात येतो. तासभर थांबावं.

कायमचा टीव्ही बाहेर लावण्यासारख्या जागा आहेतच. हॉटेलच्या मोकळ्या भागात किंवा दिवसभर वापर असलेल्या क्लबमध्ये रोजची ने-आण शक्यच नसते; तिथे बाहेरचाच सेट, आयपी खुणेचं सॉकेट, आरसीसीबी आणि वर्षाला एकदा उघडून साफसफाई, हा खर्च धरूनच चालावं.

राहिला आवाज. बाहेर भिंती नसल्याने आवाज परतून येत नाही आणि अंतर दुप्पट झालं की सहा डेसिबलने उतरतो. तरी लोक टीव्ही दूरच्या भिंतीवर टांगतात आणि आवाज वाढवत जातात. चाकांवरचा टीव्ही चार मीटरांवरून दोन मीटरांवर आणला की तेच सहा डेसिबल फुकट मिळतात, आणि शेजारच्यांचे कानही वाचतात. ‘माझ्या अंगणात माझा आवाज’ हा समज कायद्याला मान्य नाही. ध्वनिप्रदूषण नियम, २००० नुसार निवासी भागात दिवसा पंचावन्न आणि रात्री दहा ते सकाळी सहा या वेळेत पंचेचाळीस डेसिबल ही मर्यादा आहे. खासगी जागेतल्या ध्वनियंत्रणेचा आवाज त्या जागेच्या हद्दीवर या मर्यादेहून पाच डेसिबलपेक्षा जास्त वर जाता कामा नये. साडेसातचा सामना दहाच्या पुढे जातो, आणि शेवटची षटकं नेमकी तेव्हाच चाललेली असतात.